ग्रीक अक्षरांचा पंक्तिप्रपंच

१/ अमेरिकी महाविद्यालयांतील ‘ग्रीक लाइफ’चा ग्रीसशी संबंध नावातील अक्षरांपुरताच. १७७६ साली व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात स्थापन झालेली फाय बीटा कॅपा ही वादविवाद व साहित्यचर्चा करणारी गुप्त संस्था होती. निव्वळ स्नेहमंडळांची, म्हणजे फ्रॅटर्निटींची, परंपरा रुजली ती १८२५ नंतर, न्यूयॉर्क राज्यातील युनियन महाविद्यालयात.

२/ पुढे या मंडळांनी स्वतःच्या वास्तू उभारल्या. राहणे, जेवणे, मेजवान्या सारे तेथेच. आणि कोणाला आत घ्यायचे, हे जुने सभासद ठरवीत. कृष्णवर्णीय व ज्यू विद्यार्थ्यांना बहुतेक दारे बंद होती. १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठातील सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा स्थापन केली. पंगतीत स्थान नाकारलेल्यांनी मांडलेली ही वेगळी पंगत. तिला इतर मंडळांच्या मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

३/ ‘फ्रॅटर्निटी बंद करा, भेदभाव संपेल’ हा युक्तिवाद प्रिन्स्टनचा इतिहास खोडून काढतो. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच त्यांना बंदी झाली. मात्र विद्यार्थ्यांच्या भोजनाची जबाबदारी संस्थेने नीट उचलली नाही. १८७९ साली आयव्ही क्लब निघाला, पाठोपाठ इतर भोजन-क्लब निघाले. अक्षरे गेली, पंक्तिप्रपंच राहिला.

४/ पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले वुड्रो विल्सन तेव्हा प्रिन्स्टनचे अध्यक्ष होते. सर्व वर्षांच्या विद्यार्थ्यांनी अध्यापकांसमवेत एकत्र राहावे, जेवावे, अशी योजना त्यांनी १९०७ साली मांडली. विश्वस्तांनी जूनमध्ये ती उचलून धरली. माजी विद्यार्थी खवळताच ऑक्टोबरमध्ये पाठिंबा काढून घेतला. अर्थात विल्सन यांच्या प्रिन्स्टनमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता, तेव्हा त्या ‘सर्व’चा अर्थ जपूनच लावावा.

५/ नवख्या विद्यार्थ्याला सोबती मिळणे हा त्याच्या स्वभावाचा प्रश्न मानला जातो. वस्तुतः तो बराचसा व्यवस्थेचा प्रश्न आहे: ताट कोण वाढते आणि निवड कोण करते? मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स महाविद्यालयाने हे ओळखले. १९६२ साली तेथील विश्वस्तांनी निवास, भोजन व सामाजिक जीवनाची जबाबदारी संस्थेकडे घेण्याचे ठरविले. बंदीचा नुसता हुकूम काढण्यापेक्षा हे कितीतरी खर्चिक, पण मुळावर घाव घालणारे होते. काही वर्षांतच तेथील फ्रॅटर्निटी लयाला गेल्या.

६/ प्रिन्स्टनमध्ये विद्यार्थिनींना १९६९ साली पदवीसाठी प्रवेश मिळाला. शेवटच्या क्लबाने त्यांना सभासद करून घेईपर्यंत १९९१ साल उजाडले, तेही न्यायालयाची पायरी चढावी लागल्यावर.