साहेबांच्या हजेरीचं काय?

भोपाळजवळच्या मंडीदीपच्या एका कारखान्यात कामगारांवर नजर ठेवणारी नवी यंत्रणा बसली आहे. गेटवर चेहरा दाखवायचा, मशीनवर कार्ड टेकवायचं. हात किती मिनिटं चालले, किती मिनिटं थांबले, लघवीला गेलेला केव्हा परतला, सगळं पडद्यावर. शेजारच्या रकान्यात त्याची लायकी: आयटीआय, वेल्डिंगची परीक्षा, क्रेनचं लायसन्स, हिरवा, पिवळा, लाल. मॅनेजरसाहेब कौतुकाने दाखवत होते. मी विचारलं, "साहेब, यात तुम्ही कुठे दिसता?" ते मोकळेपणाने हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतोय.

भोपाळात राहणाऱ्याला ही गंमत परवडत नाही.

इथल्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात नोंदी नव्हत्या असा कुणाचा समज असेल तर त्याने तो काढून टाकावा. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री साडेदहाच्या आधी ई-610 टाकीचा दाब 2 पौंड होता. पावणेअकराला पाळी बदलली. अकराच्या सुमारास नव्या पाळीच्या माणसाने काटा पाहिला तर 10. आता 2 ते 25 हा तिथला रोजचाच पट्टा, त्यामुळे त्याला त्यात वावगं दिसलं नाही. आत सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट (एमआयसी) हे विषारी रसायन तापत होतं. ते थंड ठेवणारं यंत्र जूनपासून बंद होतं, गॅस जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी सोडवून ठेवला होता. दाब पाहणाऱ्याचा हिशेब मिनिटाबरहुकूम लागतो. यंत्र बंद ठेवा म्हणणाऱ्याने त्या दिवशी कार्ड किती वाजता पंच केलं होतं?

आणि ती हिरवी-लाल पात्रता. सुरुवातीला कार्बाइडने सायन्स ग्रॅज्युएट घेतले, त्यांना महिनोन्‌महिने शिकवलं. मग धंदा बसला. एमआयसी प्लँटवर पाळीला 12 ऑपरेटर होते, त्यांचे 6 झाले, शिकवणी आखडली, रात्रपाळीचा मेन्टेनन्स सुपरवायझर तर गॅसगळतीच्या थोडेच दिवस आधी काढून टाकला. मे 1982 मध्ये कंपनीच्याच अमेरिकी तपासणी पथकाने लिहून ठेवलं होतं की इथे माणसं टिकत नाहीत, आणि जी आहेत ती पाठांतरावर चालतात, कशासाठी काय करायचं ते त्यांना उमगलेलं नाही. म्हणजे लाल रंग अडीच वर्षं आधीच लागलेला होता. तो पाहायचा ज्यांनी, त्यांनी काय केलं? आणखी माणसं कमी केली.

गावभर पसरलेल्या त्या गॅसने हजारो माणसं मेल्यावर मात्र कामगारांच्या नोंदींना एकदम भाव आला. 1988 मध्ये कंपनीने नेमलेल्या आर्थर डी. लिटल या सल्लागार संस्थेच्या अशोक कालेलकरांनी लंडनच्या परिषदेत प्रबंध वाचला. कुणा नाराज कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडलं, आणि पाळीतल्या इतरांनी लॉगबुकात फेरफार करून ते दडपलं, असा त्यांचा निष्कर्ष. त्यासाठी लॉगबुकाचं पान न् पान तपासलं. त्या रात्री कंट्रोल रूममध्ये चहा घेऊन गेलेल्या पोऱ्यालासुद्धा शोधून काढलं आणि आतली माणसं गप्प-गप्प होती का, ते विचारलं. त्या नाराज कामगारावर कंपनीने खटला मात्र कधी भरला नाही.

चहावाला पोऱ्या सापडला. कार्बाइडचे अध्यक्ष वॉरन अँडरसन सापडेनात! 1992 मध्ये भोपाळच्या कोर्टाने त्यांना फरार ठरवलं. अमेरिकेत ते आपल्या घरी राहत होते, 2014 मध्ये अमेरिकेतच वारले. 7 जून 2010 ला इथल्या सात अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच दिवशी जामीनही.

पात्रतेची नोंद नको असं मी म्हणत नाही. 1987 मध्ये फॅक्टरी कायद्यात 41-सी कलम घातलं गेलं, ते या गावाच्या मढ्यांवरून. घातक रसायनांच्या हाताळणीवर देखरेख करायला जाणकार माणूसच नेमा, असं त्याने मालकाला बजावलं. मालकाला. मंडीदीपच्या त्या पडद्यावर ठेकेदाराने आणलेल्या पोरांचे रकाने कोण भरतं म्हणाल तर ठेकेदाराचाच मुनीम. मी गेलो त्या दिवशी त्याने ओळीने सगळे हिरवे करून टाकले होते. त्यातल्या एका पोराने हातात ग्लोव्हज उलटे घातले होते.

तेव्हा यंत्रणा बसवायचीच तर आणखी चार रकाने टाका. सेफ्टीचं अमुक यंत्र बंद: कधीपासून, कशासाठी, कुणाच्या सहीने. पाळीतली माणसं कमी केली: सही. ट्रेनिंगचे दिवस कापले: सही. तपासणीचा अहवाल आला: वाचला कुणी, किती वाजता. आणि तो पडदा साहेबांच्या केबिनमधून काढून कॅन्टीनच्या भिंतीवर लावा, जिथे तिन्ही पाळ्यांची माणसं जेवायला येतात. प्रोग्रामरला हे एका दुपारचं काम आहे. अडचण त्याच्याकडून येणार नाही.