आधी पाय पाहावा, मग तेल द्यावे

पादाभ्यंगाची महती आपल्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. पायांचा खरखरीतपणा, जडपणा, रूक्षता, श्रम आणि सुप्ती यांवर चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात तो सांगितला आहे. वाग्भटांनीही नित्य अभ्यंगात मस्तक, कान व पाय यांना विशेष स्थान दिले आहे. वार्धक्य हा वाताचा काळ असल्याने वृद्धांना तेल सुचविताना आपला हात सहसा अडखळत नाही. आम्हांस येथे विचारावयाचे आहे ते इतकेच, की ज्या पायाला आपण तेल सुचवितो तो पाय आपण पाहतो काय?

हा प्रश्न आम्हांस प्रथम स्वतःलाच विचारावा लागला. शहापूर परिसरातील सत्तरी ओलांडलेल्या एक बाई टाचांच्या भेगा व तळपायांची आग घेऊन आमच्याकडे आल्या. उतारवय, रूक्ष त्वचा, आयुष्यभर धानाच्या बांधीत वाकून केलेली रोवणी. निदान सोपे वाटले. रात्री कोमट पाण्यात सैंधव घालून पाय शेकावेत व नंतर काशाच्या वाटीने तेल चोळावे, असे आम्ही सांगितले. दहा दिवसांनी त्या परत आल्या तेव्हा उजव्या पायाच्या बोटांवर फुटलेले फोड होते. पाणी कोमट नव्हते, चांगले कढत होते. त्यांना ते जाणवलेच नाही. मधुमेहाच्या गोळ्या त्या चार वर्षांपासून घेत होत्या. आम्ही विचारले नव्हते आणि भेगांसाठी आलेल्या माणसाने ते आपणहून का सांगावे? जखम भरण्यास तीन महिने लागले. बोट वाचले त्याचे श्रेय नागपूरच्या शल्यचिकित्सकांचे, आमचे नव्हे.

हातापायांचा दाह व सुप्ती ही प्रमेहाची पूर्वरूपे आपण विद्यार्थिदशेत पाठ केलेली असतात. मधुमेही रुग्णात पिडका अधःकायेत का उद्भवतात, याचे विवेचन सुश्रुतांनी प्रमेहपिडकांच्या चिकित्सेत केले आहे. म्हणजे शास्त्र आपल्याजवळ होते. आम्ही खुर्चीवरून वाकलो नाही, एवढेच.

आपल्या जिल्ह्यात तर वाकण्यास आणखी कारणे आहेत. राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे सार्वजनिक आरोग्य-समस्या म्हणून निर्मूलन २००५ च्या अखेरीस झाल्याचे जाहीर झाले, तरी पूर्व विदर्भात नवे रुग्ण त्यानंतरही आढळत आले आहेत. हत्तीपायासाठी आपल्याकडे सामूहिक औषधोपचाराच्या मोहिमा घ्याव्या लागल्या, हेही आपण जाणतो. तेव्हा वृद्धाचा पाय बधिर असला तर त्यामागे मधुमेह असेल किंवा कुष्ठही असेल, आणि सुजलेला असला तर ते केवळ वय नसेल. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांचा अभ्यास करून दाखवून दिले, की बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. वेदना नसल्यामुळे न कळलेल्या भाजण्याने, घासण्याने व दुर्लक्षित जखमांनी ती जातात. मधुमेहाच्या बधिर पायालाही हेच लागू पडते.

‘पायाला भेगा’ म्हणून जे येते ते सर्व पाददारी नसते. भर पावसाळ्यात रोवणीनंतर बोटांच्या बेचक्यांत ज्या चिखल्या होतात तो सुश्रुतांचा अलस. दूषित चिखलाचा स्पर्श हे त्याचे कारण त्यांनी स्पष्ट सांगितले आहे, आणि बांधीत उतरणाऱ्या माणसाला ते वेगळे समजावून देण्याची गरज नाही. टाचेच्या कोरड्या भेगेत स्नेह हवा; बेचक्यात मात्र तेल साठले की ओल टिकते व चिखली वाढते. तेथे पाय धुऊन बेचके कोरडे करणे हा पहिला उपचार. दोन्हींसाठी एकच बाटली देणारे वैद्य आम्ही पाहिले आहेत, आणि कधी काळी आम्हीही त्यांच्यापैकीच होतो.

कदर, म्हणजे आपले कुरूप, याची गोष्ट अधिक गंभीर आहे. ते कापून तप्त स्नेहाने दग्ध करावे, असा सुश्रुतांचा उपक्रम आहे आणि संवेदना शाबूत असलेल्या पायावर तो गुणही देतो. बधिर किंवा रक्तपुरवठा मंदावलेल्या पायावर तो दवाखान्याच्या बाकावर करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नाडीपरीक्षेचा अभिमान बाळगणारे आपण पायाच्या पाठीवरील नाडीला सहसा बोटही लावत नाही, हे जरा नवलच आहे.

एवढा वेळ कोठून आणावा, असे आमचे काही स्नेही म्हणतात. वेळ दोन मिनिटांचा आहे. रुग्णाला डोळे मिटण्यास सांगून दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटे व करंगळ्या यांच्या टोकांना तर्जनीने एक-दोन सेकंद हलका स्पर्श करावा; दाबू नये, घासू नये. सहांपैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत तर पाय धोक्यात आहे असे समजावे. ही पद्धत इंग्लंडमधील इप्सविच येथील असली तरी दर्शन, स्पर्शन व प्रश्न या आपल्या त्रिविध परीक्षेहून ती निराळी नाही. शिवाय वहाणा दाराबाहेर काढण्याच्या आपल्या रीतीमुळे वैद्याला त्या दिसत नाहीत. त्या आत मागवून पाहाव्यात. एका बाजूने झिजलेला तळ किंवा वर आलेला खिळा पुष्कळ सांगून जातो. वडीलधारी माणसे वैद्यासमोर पाय पुढे करण्यास संकोचतात. आपण वयाने लहान असल्यास ‘नमस्कारच करतो’ असे म्हणून पाय हाती घ्यावा. संकोच हसण्यावारी जातो.

औषधालयांच्या चालकांकडेही आमचे मागणे आहे. कुरुपावर लावावयाच्या पट्टीत सॅलिसिलिक आम्ल असते. बधिर पायावर ते निरोगी त्वचाही खाते. ही पट्टी किंवा भेगांचे मलम मागणाऱ्या वृद्धाला मधुमेह आहे काय, पायाला मुंग्या येतात काय, जखम आहे काय, हे विचारल्याशिवाय देऊ नये. तेल व मेण कढवून भेगेत गरम गरम भरण्याची घरगुती चाल कोणी सांगितली तर तेथेच थांबवावे. जे सभासद स्वतः तेले तयार करतात त्यांनी बाटलीसोबतच्या पत्रकात ‘बधिर पायास गरम करून लावू नये, झोपण्यापूर्वी तळवे पुसावेत’ हे मोठ्या अक्षरांत छापावे. पुसण्याची सूचना क्षुल्लक नाही: रात्री लघुशंकेस उठलेला म्हातारा माणूस तेलकट तळव्याने फरशीवर घसरला, तर खुब्याचे हाड मोडते.

बधिर चट्टा आढळल्यास रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. कुष्ठरोगाचे औषध तेथे मोफत मिळते. पाय काळवंडला, गार पडला किंवा जखमेस दुर्गंधी आली, तर त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे रवाना करावे, लेपाचा प्रयोग करीत बसू नये. आमच्या तपासणीच्या मेजाजवळ आता एक ठेंगणे स्टूल आहे. त्यावर रुग्ण बसत नाही, आम्ही बसतो.