नोंदीतून गळालेले ‘म्हणे’



श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश किंवा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे आकारास आलेला मराठी विश्वकोश, यांतील नोंदी संपादकांच्या नजरेखालून गेल्यावरच छापल्या गेल्या. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची रीत निराळी आहे. तेथील बहुतेक नोंदी कोणालाही लिहिता येतात व दुरुस्तही करता येतात. अशा ज्ञानकोशात वाचकावरच संपादकाची जबाबदारी येऊन पडते. ही जबाबदारी संगणकाच्या ज्ञानापेक्षा भाषेच्या जाणिवेवर अधिक अवलंबून आहे, असे माझे मत आहे. म्हणून ती मराठीच्या विद्यार्थ्याने आवर्जून स्वीकारावी.

हे मत मला स्वतःच्या चुकीतून सुचले. जालन्यातील एका रविवारच्या संपर्कसत्रात भोकरदन तालुक्यातून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने राजा रवि वर्मा यांच्यावरील नोंदीत भर घालण्यासाठी एक परिच्छेद लिहून आणला. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे म्हैसूर येथील सुप्रसिद्ध चित्र रवि वर्मा यांचे आहे, असे त्यात एक वाक्य होते. मी शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारल्या आणि खाली ‘बरोबर’ अशी खूण केली. त्या चित्राची छापील प्रत आमच्या घरी भिंतीवर होती व ते रवि वर्मा यांचेच, असे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पुढच्या सत्राला ती विद्यार्थिनी म्हणाली, “सर, ते वाक्य चुकलं आहे. पण खूण तुमची आहे, म्हणून आधी तुम्हाला विचारते.”

तिचे म्हणणे खरे होते. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ओळखले जाणारे ते चित्र सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे आहे. एका हातात दिवा, ज्योतीला दुसऱ्या हाताचा आडोसा आणि बोटांमधून चेहऱ्यावर पसरणारा उजेड, हा सारा परिणाम त्यांनी जलरंगांत साधला आहे. चित्रासाठी त्यांच्यासमोर उभी राहिली ती त्यांची कन्या गीता उपळेकर. २०१८ मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. आता साधी वजाबाकी करा. त्यांचा जन्म १९१६ च्या सुमाराचा ठरतो आणि रवि वर्मा यांचे निधन झाले १९०६ मध्ये. आपल्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलीला समोर उभे करून कोणता चित्रकार चित्र काढील?

हा गैरसमज रुजण्यास कारणेही आहेत. रवि वर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. तेथील छापील चित्रे घरोघरी पोहोचली आणि भिंतीवरचे कोणतेही जुने, सुंदर चित्र ‘रवि वर्मांचे’ ठरू लागले. शिवाय म्हैसूरच्या ज्या जगनमोहन राजवाड्यात हे चित्र आहे, तेथेच रवि वर्मा यांचीही चित्रे आहेत. परंतु कारण समजले म्हणून अन्याय कमी होत नाही. हळदणकरांची सर्वांत लोकप्रिय कृती त्यांच्या नावावरून उतरते आणि ज्यांना कीर्तीची वाण नाही, त्यांच्या खात्यावर जमा होते.

यात भाषेचा संबंध कोठे येतो? मराठीत ‘म्हणे’ हा एक फार प्रामाणिक शब्द आहे. ‘ते चित्र रवि वर्मांचं आहे म्हणे’ असे आपण बोलतो, तेव्हा माहिती ऐकीव असल्याची कबुली त्या एका शब्दात असते. लिहिताना मात्र ‘म्हणे’ ग्राम्य वाटते, म्हणून आपण ते गाळतो. उरते ते ‘आहे’. ऐकीव गोष्ट अशा रीतीने वस्तुस्थितीच्या पंक्तीला जाऊन बसते. दुसरा लेखक ते ‘आहे’ उचलतो, तिसरा दुसऱ्याचा आधार देतो आणि एकाच अफवेला तीन साक्षीदार मिळतात. नोंदीचे परीक्षण म्हणजे हे गळालेले ‘म्हणे’ शोधणे.

त्यासाठी प्रत्येक विधानाला विचारा: हे कोणी सांगितले व त्याला ते कसे कळले? ‘असे मानले जाते’ या रचनेत मानणारा कोण, हे लपलेले असते. त्याचे नाव मागा. ‘थोर’, ‘अजरामर’ ही विशेषणे बाजूला काढून उरलेल्या वाक्यात माहिती किती आहे, ते पाहा. सनावळ्या एकमेकींशी ताडून पाहा. विकिपीडियावर प्रत्येक नोंदीचा ‘इतिहास’ जतन केलेला असतो; कोणते वाक्य केव्हा आले, हे तेथे दिसते. दुरुस्ती वादाची असेल, तर ‘चर्चा’ पानावर आपला आधार मांडा.

नावांच्या लेखनाकडेही लक्ष असू द्या. इंग्रजी मजकुरावरून मराठी नोंद लिहिताना ‘ळ’ आणि ‘ण’ हमखास हरवतात, कारण नेहमीच्या रोमन लेखनात ल–ळ व न–ण हे भेद दिसत नाहीत. मग ‘हळदणकर’ यांचे ‘हलदनकर’ होतात आणि शोधणाऱ्याला ते सापडत नाहीत.

जालना, अंबड, परतूर, मंठा येथील तुमच्या गावांतही भारूड सादर करणारे, मूर्ती घडवणारे, दुकानांच्या पाट्या रंगवणारे कलावंत असतील. त्यांच्यावर पुस्तके नाहीत. जे आहे ते लोकांच्या तोंडी आहे. ज्ञानकोश प्रकाशित आधार मागतो, म्हणून ही माहिती टाकाऊ ठरत नाही. ती सांगणाऱ्याचे नाव, गाव व दिनांक यांसह लिहून ठेवा आणि लेखातून प्रसिद्ध करा. नोंदीला आधार तेथून मिळेल. मात्र लिहिताना ‘म्हणे’ पुसू नका.

त्या विद्यार्थिनीच्या वहीतील माझी खूण मी तिच्यासमोरच खोडली. तुमच्या वहीत, पुस्तकात किंवा या पुस्तिकेत अशी एखादी खूण दिसली, तर तीही तपासून पाहा. शिक्षकाची खूण हा पुरावा नव्हे.