मैदानावरची माणसं : दोन रविवारांचा गोलकीपर

दोस्तांनो, हिंगोलीचं रामलीला मैदान असो, नाहीतर वसमत-कळमनुरीकडच्या शाळेमागची मोकळी जागा. फुटबॉलचा डाव मांडताना पहिलं भांडण कशावरून होतं? "गोलीवर कोण?" यावरून! गोल मारायला सगळेच तयार. मग जो सगळ्यात लहान, किंवा ज्याला फारसं पळता येत नाही, त्या बिचाऱ्याला दोन चपलांच्या मध्ये उभं केलं जातं. आणि गोल झाला की सगळे ओरडतात कुणावर? त्याच्यावरच!

खऱ्या मैदानावरही फारसं वेगळं नसतं बरं का. पुढच्या फळीतल्या खेळाडूनं पाच संधी दवडल्या आणि सहावीवर गोल केला, तर तो हिरो. गोलकीपरनं पाच चेंडू अडवले आणि सहावा सुटला, तर लोकांच्या लक्षात राहतो तो सहावाच. आज ज्याची गोष्ट सांगतोय, त्या लक्ष्मीकांत कट्टीमणीला हे चांगलंच ठाऊक आहे.

लक्ष्मीकांत गोव्याचा, जन्म 1989 चा. आपल्याकडे गल्लोगल्ली क्रिकेट, तसा गोव्यात गावोगावी फुटबॉल. भारताचे एकेकाळचे कर्णधार आणि नामांकित गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर तिथलेच. त्यांना 1997 चा अर्जुन पुरस्कार मिळाला आणि 2022 साली पद्मश्री. अशा मातीत लक्ष्मीकांत वाढला, डेम्पो संघाकडून खेळला आणि 2014 साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा एफसी गोवा संघात आला.

आता पहिला रविवार. 20 डिसेंबर 2015. मडगावचं फातोर्डा स्टेडियम. लीगची फायनल, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. घरचंच मैदान, घरचेच प्रेक्षक. दुसऱ्या सत्रात चेन्नईला दोन पेनल्टी मिळाल्या आणि लक्ष्मीकांतनं दोन्ही अडवल्या! पण नशीब बघा, पहिलीचा चेंडू उसळून पुन्हा पेलिसारीच्याच पायाशी गेला आणि त्यानं गोल केला. हाओकिपनं गोव्याला बरोबरी साधून दिली. 87 व्या मिनिटाला जोफ्रेनं गोल मारला. गोवा 2, चेन्नई 1. तीनच मिनिटं उरलेली!

आणि 90 व्या मिनिटाला घात झाला. गोलपुढच्या गर्दीत चेंडू लक्ष्मीकांतला लागून त्याच्याच जाळ्यात गेला. स्वयंगोल! पाठोपाठ जादा वेळेत मेंडोझानं तिसरा गोल केला. गोवा 2, चेन्नई 3. हातातला चषक दोन-तीन मिनिटांत निसटला. अडवलेल्या दोन पेनल्ट्या कोण आठवणार? धावफलकावर नाव लागलं ते स्वयंगोलापुढे.

तुमच्यापैकी कुणाच्या हातून वर्गाच्या सामन्यात असं झालं असेल, तर दुसऱ्या दिवशी शाळेत जायला किती जड जातं ते त्यालाच विचारा. लक्ष्मीकांतला तर त्याच गावांत राहायचं होतं, त्याच लोकांसमोर खेळायचं होतं. त्यानं हातमोजे खुंटीला टांगले नाहीत. सराव चालू ठेवला. 2019 साली तो हैदराबाद एफसी संघात गेला. हो, तेच हैदराबाद, ज्याच्या संस्थानात 1948 पर्यंत आपला मराठवाडा होता!

आणि उजाडला दुसरा रविवार. 20 मार्च 2022. गंमत बघा, तारीख पुन्हा 20, मैदान पुन्हा फातोर्डा आणि सामना पुन्हा फायनलचा! हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. केरळच्या राहुलनं 68 व्या मिनिटाला गोल केला. 88 व्या मिनिटाला साहिल ताव्होरानं तो फेडला. जादा अर्ध्या तासातही 1-1. मग टायब्रेकर.

पेनल्टी म्हणजे काय ते आधी हिशेबानं बघू. चेंडू गोलपासून 11 मीटरवर. गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच. ताशी 100 किलोमीटर वेगाची किक गोलात पोचते सुमारे 0.4 सेकंदात. 'गोल' हा शब्द तोंडातून निघेपर्यंत खेळ खलास! चेंडू कुठे चाललाय हे बघून उडी मारायला वेळच नाही. किक मारणाऱ्याचं पाऊल, कंबर, खांदा बघून आधीच अंदाज बांधायचा. शिवाय किक बसेपर्यंत निदान एक पाय रेषेवर हवाच.

लक्ष्मीकांतनं केरळची पहिली किक अडवली. निशू कुमारची दुसरीही अडवली. पण पंचांची शिट्टी वाजली. रेषा आधीच सोडलीस, किक पुन्हा! दुसरा एखादा खचला असता. यानं पुन्हा रेषेवर पाय रोवले आणि निशूची दुसरी किकही थोपवली! पुढे जीक्सन सिंगचीही अडवली. टायब्रेकर 3-1 नं जिंकून हैदराबादनं पहिल्यांदाच लीगचा चषक उचलला. ज्या मैदानावर सव्वासहा वर्षांपूर्वी मान खाली घालावी लागली होती, तिथेच सहकारी त्याला मिठ्या मारत होते.

तेव्हा तो 32 वर्षांचा होता. फुटबॉलमध्ये या वयात बरेच जण उतरणीला लागतात. गोलकीपरचं तसं नसतं. धावपळ कमी आणि अंदाज महत्त्वाचा, म्हणून वय वाढलं तरी तो टिकतो. इटलीचा दिनो झॉफ 1982 साली चाळिसाव्या वर्षी विश्वचषक जिंकणारा कर्णधार ठरला. इजिप्तचा इसाम अल-हदारी 2018 च्या विश्वचषकात 45 व्या वर्षी खेळला आणि पेनल्टीही अडवली!

तर दोस्तांनो, उद्या मैदानावर गेलात की एक करा. गोलीवर आळीपाळीनं उभे राहा. पाच-पाच किक झेलून बघा. म्हणजे पुढच्या वेळी गोल झाला, तर ओरडण्याआधी तुम्ही चेंडू उचलून गोलीच्या हातात द्याल आणि म्हणाल, "जाऊ दे रे, पुढचा अडव!"

बरंय, भेटू पुढच्या आठवड्यात, अशाच एका मैदानावरच्या माणसासोबत!