परभणीचा कापूस, विलायतेची पेन्शन

१/ इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानची निर्यात आयातीहून अधिक होती, म्हणून देश संपन्न होता, असा युक्तिवाद वारंवार केला जातो. त्यातील आकडा खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे.

२/ १९००च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग परभणीतून सुरू झाला. सेलू, मानवत, परभणी या भागांतील कापूस मुंबईकडे आणि तेथून परदेशी जाऊ लागला. या मालाची किंमत कोण चुकवत होते?

३/ लंडनमध्ये भारतमंत्री ‘कौन्सिल बिले’ विकत असे. परदेशी व्यापारी ती पौंड देऊन घेत, येथे पाठवत आणि सरकारी खजिन्यातून मिळालेल्या रुपयांत मालाचे पैसे भागवत. पौंड लंडनमध्येच राहत; रुपये येथील करदात्यांचे असत.

४/ त्या पौंडांतून ‘होम चार्जेस’ भागत: कर्जांचे व रेल्वेचे व्याज, सामानाची खरेदी आणि मायदेशी परतलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शन. आय.सी.एस. अधिकाऱ्यास २५ वर्षांच्या सेवेनंतर वर्षाला १,००० पौंड मिळत. रुपया दोन शिलिंगांचा होता तेव्हा त्याचे १०,००० रुपये होत. चांदी घसरली आणि १८९२-९३मध्ये रुपया सव्वा शिलिंगावर आला. त्याच पेन्शनला १६,००० रुपये लागू लागले.

५/ ‘परभणी तर निजामाची होती,’ हा आक्षेप अर्धाच खरा. सारा हैदराबादला जाई. कापूस मात्र ब्रिटिश हिंदुस्थानच्या बंदरातून जाऊन त्याच निर्यातीत मोजला जाई. शेजारचे वऱ्हाड तर १८५३च्या तहाने हैदराबाद कंटिंजंटच्या खर्चापोटी इंग्रजांनी ताब्यात घेतले होते. त्या फौजेची एक छावणी हिंगोलीला, म्हणजे १९९९पर्यंतच्या परभणी जिल्ह्यात होती.

६/ गावातल्या निवृत्त शिक्षकाची पेन्शन गावातल्याच दुकानात खर्च होते. निवृत्त कलेक्टराची पेन्शन चेल्टनहॅमच्या बाजारात खर्च होई. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या ज्या निःसारणावर बोट ठेवले, त्याचा हा एक ठळक प्रवाह होता.

७/ आज जपानची लोकसंख्या घटते आहे, वृद्ध वाढत आहेत. गेल्या दशकभरात अनेक वर्षे तेथे मालाची आयात निर्यातीहून जास्त झाली. परदेशी गुंतवणुकीचे उत्पन्न ती तूट भरून काढते. तेथील वृद्ध मुख्यतः आपल्याच देशातल्या सार्वजनिक पेन्शनवर जगतात. चेल्टनहॅमचा खर्च परक्या रयतेच्या करांतून चाले. हा भेद विसरता कामा नये.

८/ म्हणून निर्यातीचा आकडा पाहून टाळ्या वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: राबतो कोण, निवृत्त होतो कोण, आणि त्याची पेन्शन कोणत्या देशात खर्च होते?