मौन तुमचं, भांडी कुणाची?

स्पष्ट लिहितोय, काहींना राग येईल. आला तर कमेंटमध्ये भांडा, पण देवळाबाहेर भेटल्यावर तोंड फिरवू नका.

उपवासकाळ जवळ आला की आपल्या वसईतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सुरू होतं. तीन दिवस मोबाइल बंद, मौन, डोंगरावर रिट्रीट, आणि परत आल्याबरोबर फोटो. तरुण पोरं तर 'मंक मोड' म्हणतात. खोलीचं दार लावायचं, फोन सायलेंटवर टाकायचा आणि ऑफिसचं टार्गेट संपवायचं. मठातलं अध्यात्म रोजच्या जगण्यात आणतोय म्हणे.

आणा की. पण अर्धंच का आणता?

सहाव्या शतकात इटलीत माँते कासिनोच्या डोंगरावर संत बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिले. छोटंसं पुस्तक आहे, 73 प्रकरणं. पहिल्याच प्रकरणात तो संन्याशांचे चार प्रकार सांगतो. त्यातले सगळ्यात वाईट कोण? तर आज या मठात तीन दिवस, उद्या त्या मठात चार दिवस, असे पाहुणचार झोडत फिरणारे. वाचून मला हसूच आलं. आपल्या वीकेंड रिट्रीटवाल्यांना त्याने दीड हजार वर्षांपूर्वीच ओळखलं होतं!

त्याच्या मठात येणारा माणूस एक व्रत घ्यायचा, स्थैर्याचं. म्हणजे याच जागी, याच माणसांबरोबर मरेपर्यंत राहायचं. घोरणारा, चिडका, म्हातारा, जो वाट्याला येईल तो. मौन होतं ते या लोकांमध्ये राहून पाळायचं. आपण मौनासाठी माणसांपासून पळतो.

घंटेचंही तसंच. प्रार्थनेची घंटा झाली की हातात असेल ते काम ठेवून उठायचं, असा नियम. काम कितीही महत्त्वाचं असो, ते देवापेक्षा मोठं नाही हे दिवसातून कितीतरी वेळा अंगात मुरावं म्हणून. आणि आमचा 'मंक मोड' कशासाठी? तर मधे कुणी हाक मारू नये, काम जास्त व्हावं म्हणून. संन्याशाचा झगा घालून धंदाच करताय की राव.

आता स्वयंपाकघरात या. बेनेडिक्टचा नियम आहे की सगळ्यांनी पाळीपाळीने रांधायचं आणि वाढायचं. आठवडा संपला की भांडी घासूनपुसून पुढच्याच्या हवाली करायची. आजारी किंवा फारच महत्त्वाच्या कामात असलेला सोडला तर कुणाला सूट नाही. मठातली हत्यारं, भांडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपायची. आपल्याकडे दादा सकाळी अर्धा तास बायबल घेऊन ध्यानाला बसतात तेव्हा चहाचा कप कोण उचलतं? बायको. तिला मौन कधी मिळतं? रिट्रीटला गेलेल्या किती पुरुषांनी परत आल्यावर भांड्यांची एक पाळी घेतली, कमेंटमध्ये लिहा. मी मोजतो.

पाहुण्यांचं तर विचारूच नका. दारात येणाऱ्याला ख्रिस्त समजून घ्यायचं, आणि गरिबाची जास्त काळजी घ्यायची, कारण श्रीमंताला मान त्याच्या दबदब्यामुळे आपोआप मिळतो, असं तो रोखठोक लिहितो. आपल्याकडे चाळीतली खोली भाड्याने देताना पहिला प्रश्न काय असतो? "कुठले तुम्ही?" बाहेरच्या राज्यातला मजूर असेल तर डिपॉझिट जास्त आणि नळ अर्धा तास. मठातली वस्तू विकताना लोभ शिरू नये म्हणून बाजारापेक्षा थोडी स्वस्त द्या, असंही एक प्रकरण आहे. ते वाचून दाखवा कुणीतरी आमच्या घरमालकांच्या मीटिंगमध्ये!

"आम्ही संसारी माणसं, पोरांच्या फिया आहेत, आम्हाला कसं जमणार?" हे उत्तर मला पाठ आहे. बेनेडिक्टलाही पाठ होतं. आजाऱ्याला मांस, दिवसाला मापात वाईन, अशा सवलती त्याने स्वतःच दिल्या. कडकपणा त्याला नको होता. त्याला माणूस 'माझं माझं' मधून सुटायला हवा होता. कुणीही खासगी मालकी ठेवू नये, हे मात्र त्याने ढिलं सोडलं नाही.

आणि म्हणून बावखलांचा विषय काढतोय. मठ असा बांधा की पाणी, बाग, चक्की आतच असेल, असं त्या पुस्तकात आहे. आपल्या वाडवडिलांनी ते पुस्तक न वाचता तेच केलं. बावखलात पावसाचं पाणी मुरायचं, विहिरी भरायच्या, वाडी जगायची. आज डंपर येतो आणि एका रात्रीत बावखल बुजतं. मग त्यावर उभ्या इमारतीला टँकर लागतो. फादर दिब्रिटो मठवासी नव्हते, पण हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले ते याच मातीसाठी आणि पाण्यासाठी. आपण त्यांचे फोटो शेअर करतो आणि बिल्डरच्या माणसाला चहा पाजतो.

दुसऱ्यांना बोलणं सोपं, म्हणून घरचं सांगतो. आमच्या घरामागच्या बावखलाला गिऱ्हाईक आलंय. सातबाऱ्यावर आम्ही चार भावंडं. तिघं तयार आहेत, भाव चांगला आहे, आणि खोटं कशाला बोलू, मलाही दोन रात्री झोप लागली नाही. पोरीचं शिक्षण आहे. पण त्या पाण्यावर खालच्या अंगाच्या सहा घरांच्या विहिरी आहेत आणि त्या सहा घरांना कुणी विचारलेलं नाही.

काल मोठ्या भावाला फोन करून नाही म्हणालो. तो दरवर्षी न चुकता रिट्रीटला जातो. फार चिडलाय. ही पोस्ट वाचून आणखी चिडेल. रविवारी मिस्सा झाल्यावर त्या सहा घरांना आमच्या अंगणात बोलावलंय, भावालाही. चहा मी करणार आहे. भांडीही मीच घासणार.