उरलेल्या पैशातला माउंट

"रायफल झाली, स्कोप झाला. आता माउंट कुठला घेऊ? शंभरेक डॉलर उरलेत."

इथे अमेरिकेत आमच्या रेंजवर हा प्रश्न दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतोच. आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. प्रश्नामुळे नाही, त्यातल्या 'उरलेत' या शब्दामुळे.

आधी एक खुलासा. कोल्हापूरहून मामाचा फोन आला की तो हमखास विचारतो, "आपला स्वप्नील कुसाळे कुठला स्कोप वापरतो रे?" कुठलाच नाही, मामा. 2024 साली पॅरिसला त्याने कांस्यपदक मिळवलं ते 50 मीटरवर, बारीक छिद्राच्या साइटमधून नेम धरून. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही. आमचा खेळ वेगळा. त्याला म्हणतात एफ-क्लास. अंतर 1000 यार्ड, म्हणजे 914 मीटर. दहा गुणांचं वर्तुळ 10 इंच व्यासाचं, साधारण जेवणाच्या ताटाएवढं. तेवढ्या लांबून ते बघायला स्कोप हवाच, आणि तो रायफलवर धरून ठेवायला माउंट. म्हणजे खाली एक पट्टी आणि तिच्यावर दोन रिंगा. दिसायला इतकं साधं, की त्यावर पैसे घालवायचं कुणाला सुचतच नाही.

मलाही सुचलं नव्हतं. दीड हजाराचा स्कोप घेतला आणि चाळीस डॉलरच्या रिंगांत बसवला. 100 यार्डांवर सगळं झकास. 1000 वर मात्र एक गोळी दहात, पुढची डावीकडे आठात, नंतरची पुन्हा दहात. वाऱ्याला दोष दिला. गोळ्या बदलल्या. मग बॅरलला दोष दिला. अख्खा एक हंगाम यात गेला. शेवटी वैतागून रायफल क्लबातल्याच एकाला विकली, स्कोप आणि रिंगा तेवढ्या ठेवून घेतल्या, आणि नवी रायफल आणली.

नव्या रायफलचीही तीच रड. आणि शेजारच्या फळीवर तो गृहस्थ माझ्या जुन्या रायफलवर स्वतःचा स्कोप, स्वतःचा माउंट लावून दहावर दहा मारतोय! आता बोला.

घरी येऊन रिंगा उघडल्या. स्कोपच्या नळीवर पुढच्या रिंगेखाली घासल्याचा चकचकीत पट्टा होता. दर धक्क्याला स्कोप केसभर सरकत होता. केसभर हा शब्दही जास्तच झाला. गणित करा. दोन रिंगांमध्ये 5 इंच अंतर आहे आणि एका रिंगेत नळी इंचाच्या हजाराव्या भागाएवढी बाजूला हलली. 1000 यार्ड म्हणजे 36,000 इंच, पाच इंचांच्या 7,200 पट. म्हणजे लक्ष्यावर 7 इंचांहून जास्त फरक. दहाच्या वर्तुळाची कड मध्यापासून 5 इंचांवर. एवढ्यानेच दहा हुकला. डोक्यावरचा केससुद्धा याच्या तिप्पट जाड असतो.

"स्वस्त रिंगांनी माझ्या काकांनी वीस वर्षं हरणं मारली," असं कुणीतरी म्हणतंच. मारली असतील. शंभर-दीडशे यार्डांवर हाच फरक जेमतेम इंचभराचा. तिथे त्या रिंगा पुरतात, माझा काही वाद नाही. पण तो दाखला 1000 यार्डांना लावू नका.

दुसरी जमात याच्या उलट. सगळ्यात महाग अखंड माउंट आणायचा आणि हाताच्या अंदाजाने आवळायचा. बहुतेक कारखाने रिंगांच्या वरच्या स्क्रूंना 15 ते 18 इंच-पौंडांचा ताण सांगतात. मोजायचा पाना साठेक डॉलरला मिळतो. पण नाही! "हाताला कळतं की." हाताला कळत नाही. नळी पिचकते, आणि मग शिव्या स्कोपच्या कंपनीला. शिवाय क्रॉसहेअर सरळ उभी आहे का हे कोण बघतो? 308 ची गोळी 1000 यार्डांपर्यंत नेम धरल्या रेषेखाली 33 फुटांच्या आसपास उतरते. तेवढी उंची स्कोपमध्ये चढवताना क्रॉसहेअर एकच अंश कललेली असेल, तर गोळी 7 इंच बाजूला. पुन्हा दहा हुकला, आणि या वेळी चारशे डॉलर मोजून.

आणि उतार? 308 ला 1000 यार्डांसाठी 100 यार्डांच्या नेमावर साधारण 38 मिनिटं चढवावी लागतात. स्कोपची एकूण उंची 60 मिनिटं असली तर सपाट पट्टीवर वरच्या बाजूला निम्मीच, 30, हाताशी राहतात. पोचलातच नाही! तीच पट्टी 20 मिनिटं उताराची घेतली तर 50 मिळतात. हे गणित पाटी-पेन्सिलीवर दोन मिनिटांत होतं, पण ते दुकानात जाण्यापूर्वी करायचं असतं. माझ्या माहितीत तिघांनी ते रेंजवर, नॉब अडकल्यावर केलंय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: यादी उलटी लिहा. आधी किती लांब मारायचं ते ठरवा, त्यावरून उतार, तुमच्या गालाच्या ठेवणीवरून उंची, नळीच्या मापावरून रिंगा, आणि मोजायचा पाना. एवढ्याचे पैसे बाजूला काढा. उरलेल्यात जो स्कोप बसेल तो घ्या. भिंगं थोडी कमी चकचकीत असली तरी दहा दिसतो. नाकापेक्षा मोती जड झाला की शेवटी नाकच फाटतं.

कुठली कंपनी, ते मी सांगणार नाही. मापं जुळली आणि नीट आवळला तर बरेच माउंट चांगले असतात. चांगल्या माउंटची खूण एकच, हंगामभरात त्याची एकदाही आठवण येत नाही.

असो. ती जुनी रायफल परत विकत मागितली होती मी. तो गृहस्थ नुसता हसला.